फुलेल त्या दिवशी लग्न

आमच्या साक्षगंधात सगळं कसं सुरळीत चाललं होतं. भागीरथाला साडी झाली, मला टोपी-दुपट्टा झाला, बुद्धवंदना झाली, पोहे झाले, चहा झाला. आता तेवढी लग्नाची तारीख ठरली की गाडी गाठून सिंदेवाहीला परतायचं, एवढंच उरलं होतं. आणि तेवढ्यात आमचे वामनमामा बोलले.

मामा वरोऱ्याला कापसाच्या अडत्याकडे दिवाणजी होते. चार माणसं बसलेली दिसली की त्यांना भाषण यायचं. ते मांडी सावरून म्हणाले, "आपल्यात पंचांग नाई, मुहूर्त नाई. छप्पन सालापासून आपल्याले सगळे दिवस सारखे. मंग तारीख आपन म्हाताऱ्यायनं काऊन ठरवाची? पोरगी शिकून राह्यली हाये, तिलेच इचारा. ती म्हनन तो दिवस."

भागीरथाचे वडील देवाजी बांबू डेपोवर चौकीदार होते. केळझरच्या जंगलाला लागून त्यांचं गाव, आणि माणूस तसा अबोल. पण मुलाकडच्यांनी एवढा मोठेपणा दाखवल्यावर त्यांनाही मागं राहवेना. "मान्य," ते म्हणाले. "भागी म्हनन तो दिवस. माहा शब्द."

खरं म्हणजे तारीख जवळजवळ ठरलेलीच होती. पाऊस लागायच्या आत उरकायचं, असं दोन्हीकडच्यांचं म्हणणं. भागीरथा चांद्याला नर्सिंग शिकत होती, तिचं अजून वर्ष राहिलं होतं; पण लग्नानंतर मुलीला होस्टेलात कोण ठेवतं, आणि आता शिकून तरी काय करायचंय, असं मोठी माणसं पोहे खाता खाता म्हणून मोकळी झाली होती. मी पोहे खात होतो. पोहे चांगले झाले होते.

भागीरथा उठून आत गेली. मला वाटलं, लाजली. पण ती बाहेर आली ती पळसाच्या पानांचा एक पुडा घेऊन. तो तिनं माझ्यापुढं ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "हे यायनं आपल्या आंगनात लावावं. फुलंल त्या दिवशी लगीन."

आधी कोणाला काही उमजेना. मग बायका हसायला लागल्या, मग पुरुष, आणि सगळ्यांत मोठ्यानं मामा.

"काय हाये त्यात?" त्यांनी विचारलं.

"फुललं का कळल."

"नाव तं सांगशीन?"

"नाव सांगतलं तं मजा काय राह्यली?" एवढं बोलून तिनं माझ्याकडे पाहिलं. भागीरथाला हसू आलं की तिचे डोळे आधी मिटायचे आणि मग ओठ हलायचे. तो मधला वेळ फार वाईट असायचा. त्या वेळात माझ्याकडून काहीही करून घेता आलं असतं. वैनगंगा उलटी वाहील त्या दिवशी लग्न, असं ती म्हणाली असती तरी मी मान डोलावली असती.

"पावसात सगळंच फुलते," माझी आई म्हणाली. तिचं नाव केसरबाई, आणि तिला कशाचीच घाई नसायची. "पोळ्याच्या मागंपुढं होऊन जाईन लगीन."

परतीच्या छोट्या गाडीत मी तो पुडा मांडीवर धरून बसलो होतो. आमची ती छोट्या रुळांची गाडी इतकी हळू चालायची की पोरं उतरून बोरं तोडून परत चढायची. पण त्या दिवशी ती मला उडतच चालल्यासारखी वाटली. पुड्याला बोटानं भोक पाडून मी आतला वास घेतला. ओल्या मातीचा आणि थोडा कापरासारखा वास आला. आत आल्याच्या कंदासारखे लहान गड्डे होते आणि प्रत्येकाच्या मुळांना भुईमुगाच्या शेंगांसारखे गोळे लोंबत होते. असं काही मी जन्मात पाहिलं नव्हतं. समोरचा प्रवासी म्हणाला, "काय हाये भाऊ?" मी म्हटलं, "माहं लगीन." तो उठून दुसरीकडे जाऊन बसला.

आता माझं काय झालं ते नीट सांगायला हवं. मी सिंदेवाहीच्या धान संशोधन केंद्रात कामाला होतो. धान सोडून मला दुसरं काही उगवतं हेच ठाऊक नव्हतं. भाजीची मिरचीसुद्धा मी सरळ ओळीत लावायचो. आमच्याकडे बी म्हटलं की आधी मिठाचं पाणी. बादलीत मीठ विरघळवायचं, त्यात बियाणं ओतायचं. तळाला बसेल ते भरीव, तरंगेल ते पोचट. पोचट काढून फेकून द्यायचं, भरीव पेरायचं. यात चूक होत नाही.

तेव्हा मी ते गड्डे मिठाच्या पाण्यात सोडले. काही तळाला गेले, काही वर तरंगत राहिले. तरंगणारे मी ओंजळीनं काढले आणि परसातल्या मोहाच्या झाडाखाली भिरकावून दिले.

"तिनं देलेले फेकून राह्यला तू?" आई म्हणाली.

"पोचट हायेत. उगाच जागा खातीन."

मग मी अंगणात मधोमध, जिथं दिवसभर ऊन पडतं अशी जागा निवडली. तिथं एक लहानशी बांधी केली, म्हणजे धानासाठी करतो तशी, चारी बाजूंनी मातीचा बांध घातलेली. पाणी भरलं. पायांनी तुडवून चिखल केला, असा की लोण्यासारखा हाताला लागावा. आणि त्या चिखलात तळाला बसलेले भरीव गड्डे ओळीनं रोवले. ओळ सरळ यावी म्हणून दोरी धरायला मी मुखरूला बोलावलं होतं. मुखरू केंद्रात माझ्याबरोबरच काम करायचा, आणि त्याला तोंड आवरत नसे.

"बायको रोवून राह्यला का बे?" तो म्हणाला.

"दोरी सरळ धर."

पाऊस लागला. मी रोज सकाळी बांधीपाशी बसून चहा प्यायचो. पाणी कमी झालं की भरायचो. युरिया टाकला. कोंब काही दिसेना, पण धानात वावरलेल्या माणसाला धीर असतो, निदान मला तसं वाटत होतं. केंद्रातले लोक जाता-येता विचारायचे, "काय गुणवंतराव, उगवलं का लगीन?" मी म्हणायचो, मुळं धरून राह्यलं हाये. आता ते फुललं नाही तर भागीरथा माझी होणार नाही, ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी राहिली नव्हती. तिच्या वडिलांनी शब्द दिला होता, माझ्या मामानं दिला होता, आणि दोघंही शब्दाला इतके चिकट होते की आता तारीख काढायला कोणी तोंड उघडत नव्हतं.

एक दिवस आई म्हणाली, "मोहाखाली हळदीसारखं कायतरी आलं बाप्पा. पान वरून चितरल्यासारखं, आन् खालून जांभळं."

"हळदच असन."

"हळद असी जांभळी नसते."

"मंग बकरी बांध तिथी. खाईन."

"बकरी तोंड लावत नाई त्याले."

बकरीच्या आवडीनिवडी ऐकायला मला वेळ नव्हता, कारण त्याच दिवशी माझ्या बांधाच्या कडेला कोंब फुटला होता. मी वेडा झालो. त्याला काटकी लावली, दोरा बांधला, पुन्हा युरिया दिला. तो असा वाढला की काय सांगू. पानं रुंद, खोड जाडजूड, पोळ्याच्या सुमाराला माझ्या कमरेला लागला. आणि एका सकाळी त्याला पिवळी कळी आली.

मी चांद्याच्या गाडीवर निरोप पाठवला. दुसऱ्या दिवशी देवाजी स्वतः आले, नवं धोतर नेसून. सोबत तांदळाची पिशवी आणि तुपाचा गडवा. मुखरूनं अर्धी वस्ती अंगणात गोळा केली होती. देवाजी बांधीपाशी उकिडवे बसले. पान चुरगाळून हुंगलं. कळी उलटीसुलटी पाहिली. मग बराच वेळ जमिनीकडे बघत राहिले. हसू दाबायला माणूस जसं बघतो तसं.

"जवाईबापू," ते शेवटी म्हणाले, "हा तरोटा हाये."

आता तरोटा, म्हणजे पावसात कुठंही आपोआप माजणारा टाकळा, मला ओळखता येत नव्हता असं नाही. तरोट्याची भाजी खाऊनच मी लहानाचा मोठा झालो. पण युरिया खाऊन माजलेला असा तरोटा कोणी पाहिला नव्हता, आणि खरं सांगायचं तर मला त्यात तरोटा दिसतच नव्हता. मला त्यात मांडव दिसत होता, वाजंत्री दिसत होती.

"मी कवाची म्हनून राह्यली, शेंड्याची भाजी करू काय म्हनून," आई म्हणाली.

त्या दिवशी सासऱ्यानं आणि जावयानं शेजारी बसून तरोट्याची भाजी खाल्ली. देवाजींनी दोनदा मागून घेतली. जाताना ते एवढंच म्हणाले, "पोरीले लय इचारलं. नाव सांगत नाई."

ते गेल्यावर मी बांधीत हात घालून एक गड्डा उकरून पाहिला. तो काळा लगदा झाला होता आणि त्याला घाण वास येत होता. बाकीचे उकरायची माझी छाती झाली नाही. मी चिखल पुन्हा सारखा केला आणि कोणालाच काही सांगितलं नाही.

दिवाळीच्या सुमारास मी चांद्याला होस्टेलच्या फाटकाशी जाऊन उभा राहिलो. भागीरथा पांढऱ्या साडीत आली. तिला पाहिल्यावर मी ठरवून आणलेलं सगळं विसरलो. फाटकाच्या आत ती, बाहेर मी, आणि आमच्यामध्ये चौकीदाराची खुर्ची, तीत तो पेपर वाचत असल्याचं सोंग करून बसलेला.

"पानी किती देता?" तिनं विचारलं.

"भरूनच ठेवतो. एक दिवस आटू देत नाई."

"आन् ऊन?"

"सकाळपासून अंधार पडेपर्यंत."

तिच्या तोंडावरचं हसू गेलं. "ते जंगलातलं हाये हो. मोठ्या झाडाच्या सावलीत राह्यते. पानी थांबलं का सडते."

"मंग आधी काऊन नाई सांगतलं?"

"तुमी इचारलं कवा?" ती म्हणाली आणि घंटा झाल्यासारखी आत निघून गेली. घंटा झाली नव्हती.

मी परतलो तो थेट सुताराकडे गेलो. बांधी फोडली, पाणी काढून टाकलं, चार बांबू उभे केले, वर जांभळाच्या फांद्या टाकल्या. चांगली दाट सावली झाली. खाली अर्थातच काही नव्हतं. फांद्या वाळल्या की मी नव्या आणायचो. फार काळजीनं मी त्या रिकाम्या मातीला सावली देत होतो. मुखरूनं लगेच वस्तीभर सांगितलं, "मांडव टाकला, नवरी कवा येते ते इचारा." मग काय, भाजीवालीपासून पोस्टमनपर्यंत सगळे मांडव बघून जायचे. एकानं तर चुकून आहेरही आणला होता.

हिवाळ्यात मामा वरोऱ्याहून आले. मांडव पाहिला, त्याखालची माती पाहिली, आणि खाटेवर बसून भाषण दिलं. "गुनवंता, झाली तेवढी गंमत पुरे. बुद्ध पौर्णिमेपर्यंत फुललं तं ठीक. नाई फुललं तं मी देवाजीकडे जाऊन हात जोडतो आन् शब्द मोकळा करून घेतो. वरोऱ्याले एक पोरगी हाये. काही लावाले सांगत नाई."

मी म्हटलं, "मले तीच पायजे."

"मंग फुलव," मामा म्हणाले. तेही चिडले होते. आपल्याच बोलण्यात असं अडकलेलं माणसाला आवडत नाही.

मोहाखालची ती जांभळी पानंही तोवर वाळून मातीला मिळाली होती. फाल्गुनात आईनं परस झाडलं. मोह गळायला लागायच्या आधी आमच्याकडे झाडाखालचा पाला गोळा करून पेटवतात, म्हणजे जमीन मोकळी होते आणि पडलेली फुलं वेचता येतात. आईनं पाला पेटवला, राख सारखी केली, आणि रोज पहाटे टोपली घेऊन मोह वेचायला बसायला लागली. मी मांडवाखाली बसायचो. एप्रिल संपत आला. एका दुपारी आभाळ भरून आलं आणि गारा पडल्या, चांगल्या सुपारीएवढ्या. मांडवाच्या फांद्या फाटल्या. मी तेही बांधून घेतलं, आता कशासाठी ते मलाही सांगता आलं नसतं.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी सकाळी परसातून आईचा आवाज आला. "गुनवंता, इथी फूल कोनं टाकलं?"

मी गेलो. राखेत पांढरं काहीतरी पडलेलं होतं. आई ते उचलायला गेली तर ते येईना. जमिनीतूनच निघालं होतं. पान नाही, देठ नाही, फांदी नाही. मातीनंच फूल बाहेर काढून दाखवावं तसं. पांढऱ्या लांब पाकळ्या, मध्ये जांभळी रुंद पाकळी, आणि वास असा की मोहाचा वाससुद्धा मागं पडला. बाजूला आणखी दोन कळ्या राखेतून वर डोकावत होत्या.

"भुईचाफा हाये हा," आई म्हणाली. "माह्या मावशीच्या गावच्या डोंगरीत पाह्यला होता लहानपनी. इथी कसा आला?"

मी बोटानं बाजूची माती उकरली. आत तोच आल्याच्या कंदासारखा गड्डा, आणि मुळांना लोंबणारे भुईमुगासारखे गोळे.

मी तिथंच राखेत बसलो आणि हसायला लागलो. पोचट. मी पोचट म्हणून फेकलेले गड्डे ते. मी त्यांना ऊन दिलं नाही, पाणी दिलं नाही, युरिया दिला नाही, ओळीत उभं केलं नाही, एवढंच काय, बकरी बांधा म्हणालो. आणि ते सावलीत पडून राहिले, पावसात पानं काढली, हिवाळ्यात झोपले, आणि आता मजेत वर आले होते. मला हसू आवरेना. आई घाबरली. मुखरू कुंपणावरून उडी मारून आला, त्यानं फुलाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि तोही बसला.

"पन हे परसात हाये," तो म्हणाला. "पोरीनं आंगन म्हनलं होतं."

माझं हसू तिथंच थांबलं. मुखरूचा गळा दाबावा असं वाटलं.

"परस बी आंगनच हाये," आई म्हणाली. "मी झाडते, म्हनजे आंगन. जा तू, गाडी येईन."

पुरावा म्हणून कळ्या जागेवर ठेवल्या. फुलाभोवतीची माती खुरप्यानं गोल कापली, ढेकूळ घमेल्यात ठेवलं, वरून ओलं फडकं टाकलं. अंगात बनियान, खांद्यावर शर्ट, असा मी स्टेशनकडे पळत सुटलो. मागून आई ओरडत होती की हे फूल संध्याकाळी कोमेजते. ते ऐकल्यावर मी आणखी जोरात पळालो.

चांद्याकडे जाणारी गाडी मिळाली. मी घमेलं मांडीवर घेऊन खिडकीत बसलो. डब्यात वास पसरला. एका म्हातारीनं फडकं उचलून पाहिलं आणि विचारलं, "कोनासाठी घेऊन चालला?" मी तिला सगळं सांगितलं. तिनं शेजारणीला सांगितलं. मूल स्टेशन येईपर्यंत अख्खा डबा माझ्या बाजूचा झाला होता आणि गाडी हळू चालवतो म्हणून ड्रायव्हरला शिव्या घालत होता.

मूलला दोन्हीकडच्या गाड्यांचं क्रॉसिंग व्हायचं. रूळ एकच, म्हणून एक गाडी थांबायची आणि दुसरी यायची वाट बघायची. आमची थांबली. चांद्याकडची गाडी हुश्श करत शेजारी येऊन उभी राहिली. समोरच्या खिडकीत देवाजी बसले होते. त्यांच्या मांडीवर काहीतरी होतं, वरून दुपट्टा घातलेलं. मला पाहिल्याबरोबर त्यांनी ते खाली सीटखाली लपवायला घेतलं, आणि दुपट्टा सरकला. डालड्याचा डबा होता. डब्यात माती होती. मातीत भुईचाफा फुलला होता.

त्यांच्यापलीकडे भागीरथा होती. तिनं माझ्या हातातलं घमेलं पाहिलं. तिचे डोळे मिटले, आणि पुढचं हसू काही येईना.

आम्ही दोघंही उतरलो. दोन गाड्यांच्या मधल्या फलाटावर मी बनियानवर, ती डबा घेऊन. देवाजीही उतरले, माझ्याकडे पाहिलं, आकाशाकडे पाहिलं, "मी जरा पानी पितो" म्हणाले आणि नळ ज्या बाजूला नव्हता त्या बाजूला निघून गेले.

"कुठी चालली होतीस?" मी विचारलं.

"तुमच्याकडेच."

"हे घेऊन?"

"तुमी केंद्रात गेले का मागून येऊन तुमच्या मांडवाखाली लावनार होती." ती खाली पाहून बोलत होती. "आईच्या दारचं हाये. गारा पडल्या आन् फुललं. तुमच्याकडचं तं सडलंच असन. चिखलात लावलं, उन्हात लावलं. पौर्निमा आली तोंडावर. वरोऱ्याच्या पोरीचं बी आलं कानावर."

"म्हनजे तू फसवनार होती सगळ्यायले?"

"हो," ती म्हणाली. "बाबाले बी घेतलं संगं. त्यायले झोप नाई दोन दिवसापासून."

मला इतका आनंद झाला की काय करावं ते सुचेना. वर्षभर मी समजत होतो की ही परीक्षा घेणारी आणि मी नापास होणारा. आणि ही तर माझ्यासाठी पेपर फोडून आणत होती.

"मंग अट घातलीच काऊन?"

तिनं डबा फलाटावर ठेवला. "मले एक वरीस पायजे होतं," ती म्हणाली. "हे उन्हाळ्यातच फुलते, मले ठाऊक होतं. साक्षगंधात देलं म्हनजे सरळ पुढच्या उन्हाळ्यावर गेलं. परवा माहा शेवटचा पेपर झाला. तोंडानं मागतलं असतं तं कोनी देलं असतं?"

मामांनी दिलं नसतं. देवाजींनी दिलं नसतं. आईनं दिलं नसतं. मला ते पोहे आठवले.

"मी बी देलं नसतं," मी म्हटलं.

"म्हनून तं तुमच्याच आंगनात लावाले देलं," ती म्हणाली.

दोन्ही गाड्यांनी शिट्या दिल्या. माझ्या डब्यातली म्हातारी खिडकीतून ओरडत होती, "चढ ना बे," आणि मग तिनं भागीरथाच्या पायाशी ठेवलेला डबा पाहिला आणि डोकं आत घेतलं. एक गाडी सिंदेवाहीकडे गेली, एक चांद्याकडे. देवाजी फलाटाच्या टोकाला पाठ करून उभे होते.

"तुमचं कुठी फुललं?" भागीरथानं विचारलं. मी तिला मिठाचं पाणी सांगितलं, पोचट सांगितलं, बकरी सांगितली. ऐकता ऐकता ती बाकावर बसली, मग पदर तोंडात धरला, मग तोही सुटला. मूलच्या स्टेशनमास्तरांनी बाहेर येऊन पाहिलं. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं की ते सगळंच हसण्याचं नव्हतं.

"खरंच फुललं," ती म्हणाली. "मले वाटलंच नवतं."

"मले बी नाई."

तिनं डोळे पुसले. "मांडव उभा हाये का अजून?"

"हाये. गारांनी फाटला होता, मी बांधला."

"मंग आजच. फुलंल त्या दिवशी म्हनलं होतं मी."

देवाजी बसची चौकशी करायला गेले, आता मात्र खरोखरच घाईनं. सिंदेवाहीची बस यायला अवकाश होता. तिचं आईकडचं फूल चांगलं टपोरं होतं. माझं पोचट गड्ड्याचं, एका बाजूनं कललेलं, एका पाकळीला राख लागलेली. तिनं आपला डबा बाकाखाली सरकवला, माझं घमेलं उचलून मांडीवर घेतलं, आणि बस येईपर्यंत खाली ठेवलं नाही.